पुठ्ठा

अलेक्झांड्रियाहून यादी आली तेव्हा
मी बकरीचं कातडं ताणत होतो.
आब्बा पामूननं ती भोजनगृहात वाचली, उभ्यानं,
मसुरीचं कालवण गार होईपर्यंत.
अमुक पुस्तकं आत. बाकीची दाराबाहेर.

मला वाचता येतं, पण मी वाचणारा नव्हे.
मी बांधणारा. आरी, दोरा, खळ.

फडताळातून तीन निघाली.
दोघांचा निकाल उंदरांनी आधीच लावलेला.
तिसरं एका प्रेषिताच्या नावावर होतं.
प्रेषित जाऊन तीनशे वर्षं झाली
आणि त्यातली भाषा मात्र कालपरवाच्या बाजारातली.
हे मला, बांधणाऱ्याला, कळत होतं.

खरं सांगतो,
त्यातला प्रभू मला कधी आपला वाटला नाही.
त्याला भूक लागत नाही, टाचेला भेगा नाहीत,
खिळे ठोकतात तेव्हा तो
वर बघून ताऱ्यांचे दरवाजे मोजत राहतो.
माझा बाप जांभळ्या दगडाच्या खाणीत मेला,
एक डोळा काढलेला, पायात बेडी.
मी सात वर्षांचा. सुटून आलेल्या एकानं सांगितलं,
रात्री खाणीत ते पाठ म्हणायचे:
तो रडला, ते.
तहान लागली म्हणाला, ते.
पहाटे काठावर निखारे पेटवून मासा भाजत बसला,
ते तर दोनदा म्हणायचे, पोटात काही नसायचं म्हणून.
यादी मागाहून आली,
बाळ जन्मल्यावर दारात पोचलेल्या सुईणीसारखी,
घामाघूम, आणि मोठ्यानं हुकूम सोडत.

पण सहावं पान.

ताएसे दर वर्षी पूर ओसरला की यायची,
कांद्यांची माळ घेऊन, तेवढ्या एका पानासाठी.
तिचं पोर न रडताच गेलं होतं,
पाणी नाही, तेल नाही, नाव नाही.
सहाव्या पानावर प्रभू नदीकाठी उभा असतो
आणि अशा पोरांना हाका मारतो,
आईनं नुसत्या मनात धरलेल्या नावानं.
द्वारपाल हेरवोज वाचून दाखवायचा.
ती उंबऱ्याबाहेर बसून ऐकायची
आणि कांदे ठेवून निघून जायची.

मी आब्बाला विचारलं: ते पान खोटं आहे का?
तो बराच वेळ दाढीतले तुकडे झटकत राहिला.
"खरं असेलही," म्हणाला,
"पण साक्षीदार नाही त्याला.
आणि मी पोरांना आंघोळ घालतो ती
ज्यांनी पाहिलं त्यांच्या शब्दावर."
याच्यावर मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.

दोन पुस्तकं भट्टीत गेली. त्या दिवशी भाकरी करपल्या.
तिसरं आब्बानं माझ्याकडे टाकलं:
चौघांची नवी पोथी झालीय, पुठ्ठा कर.
पपायरस महाग. कोरा कोण वाया घालवतो?

फाडलं. तारे एकावर एक चिकटवले,
खळ लावली, दगडाखाली दाबले.
सहावं पान शेवटी घेतलं. ते फाडलं नाही.
मागच्या पुठ्ठ्यात, कातड्याच्या लगेच खाली,
अक्षरं बाहेरच्या बाजूला करून बसवलं.
कुणाला बोललो नाही. हेरवोजलाही नाही.

पूर ओसरला, ताएसे आली.
हेरवोजनं सांगितलं, ते पुस्तक आता नाही.
ती उभीच राहिली. माळ हातातच.
मग त्यानं नव्यातलं वाचलं,
निखाऱ्यांचं, माशाचं. तिनं ऐकून घेतलं,
पाहुण्याच्या घरी ऐकून घेतात तसं.

पोथीचं चुंबन घ्यायला मी तिच्यापुढे धरली.
उलटी धरली.

हे पाप असेल तर किती मोठं, मला ठाऊक नाही.
पुठ्ठा कुणी वाचत नाही.
पुस्तक पडू नये म्हणून
हात मात्र त्यालाच धरतो.

तिनं ओठ टेकवले, जरा थांबली,
नाक मुरडून म्हणाली,
"ओलसर आहे अजून. खळीचा वास येतोय."
आणि कांदे माझ्या पायाशी ठेवले.